पहिलीचा प्रवेश आणि गावची छोटी शाळा : नव्या पालकांसाठी मार्गदर्शन

पहिले मूल शाळेत घालायची वेळ आली की बहुतेक घरांत दोन कामे स्वतंत्रपणे सुरू होतात. एकीकडे शाळा कोणती याची चर्चा चालते, तर दुसरीकडे मुलाकडून अक्षरे गिरवून घेणे सुरू होते. वाडीवरची, पाड्यावरची किंवा लहान गावातली जिल्हा परिषदेची शाळा निवडायची असेल, तर मात्र ही दोन कामे वेगळी ठेवून चालत नाही. अशा शाळेत बहुधा दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात, आणि त्यामुळे मुलाला दिवसातला बराच वेळ शिक्षकाच्या थेट नजरेबाहेर, स्वतःच्या कामात किंवा मोठ्या मुलांच्या सोबतीत घालवावा लागतो. शाळा निवडताना काय पाहायचे आणि मुलाची तयारी कशाची करून घ्यायची, ही दोन्ही उत्तरे याच एका गोष्टीतून निघतात. हा लेख महाराष्ट्रातील ग्रामीण पालकांसाठी आहे. शहरातून गावी परतलेल्या आणि इथल्या शाळेची पद्धत माहीत नसलेल्या कुटुंबांनाही तो उपयोगी पडेल.

पहिली पायरी : वय आणि वेळापत्रक

महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्या मुलाची सहा वर्षे पूर्ण होतात, त्याला पहिलीत प्रवेश मिळतो. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल जूनमध्ये साडेपाच वर्षांचेच असताना पहिलीत बसू शकते. नियमाने बसू शकते म्हणून बसवलेच पाहिजे असे नाही. मूल अजून अंगणवाडीत रमत असेल, स्वतःचे स्वतः जेवत नसेल, तर आणखी एक वर्ष अंगणवाडीत राहिल्याने त्याचे काहीही बिघडत नाही, आणि ‘वर्ष वाया जाईल’ ही भीती बहुतेक वेळा नातेवाइकांची असते.

शाळा साधारणपणे जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या काहीशा उशिरा सुरू होतात. प्रवेश मात्र त्याआधीच नोंदवले जातात. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी अभियान चालते. त्यात उन्हाळ्याच्या सुटीआधी एक आणि शाळा उघडताना दुसरा, असे दोन मेळावे शाळेतच भरतात. तिथे मूल उड्या मारते, वस्तूंचे गट लावते, चित्राविषयी बोलते, वस्तू मोजते, आणि या नोंदी विकासपत्रावर होतात. ही परीक्षा नाही, हे आधीच समजून घ्यावे. मूल एखाद्या टेबलाशी गप्प उभे राहिले तर त्याच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. पहिल्या मेळाव्यानंतर आयांचे गट करून त्यांना घरी करायच्या कृती दिल्या जातात. बहुतेक पालक मेळाव्याला फोटोपुरते जातात आणि त्या कृती विसरतात. खरा उपयोग त्यांचाच असतो.

दुसरी पायरी : शाळा चालू असताना जाऊन पाहणे

शाळा पाहायला एप्रिलमध्ये जाऊ नये. तेव्हा शाळा सकाळची असते, परीक्षा सुरू असतात आणि नेहमीचा दिवस दिसत नाही. जानेवारी किंवा फेब्रुवारीतला एखादा साधा मंगळवार-बुधवार चांगला. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी विचारावे आणि परिपाठापासून मधल्या सुट्टीनंतरच्या एका तासापर्यंत थांबावे. रंगवलेल्या भिंती, संगणक आणि फलकावरची बक्षिसे यांकडे पाच मिनिटांत पाहून होते. पुढचा वेळ वर्गात बसण्यासाठी आहे.

दोन शिक्षकी शाळेत सहसा पहिली-दुसरी एका शिक्षकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे असते; काही ठिकाणी पहिलीसोबत तिसरी जोडतात. असा जोडवर्ग चांगला चालतो की वाईट, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. शिक्षक दुसरीच्या मुलांशी बोलत असताना पहिलीची मुले काय करत आहेत, ते पाहावे. ती काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधत असतील, शब्दपट्ट्या जुळवत असतील, एखादे मोठे मूल त्यांना गोष्ट वाचून दाखवत असेल, किंवा कोपऱ्यात बसून ती मणी ओवत असतील, तर शिक्षकाने आदल्या दिवशी विचार केला आहे असे समजावे. ती फळ्यावरचे उतरवून काढत असतील आणि उतरवून झाल्यावर ‘पुन्हा लिहा’ एवढेच त्यांना सांगितले जात असेल, तर वर्ग शांत दिसला तरी त्या शांततेत काही शिकले जात नाही. थोडा गलका असलेला वर्ग पाहून पालक घाबरतात, पण सहा वर्षांच्या मुलांचा गलका कामाचा आहे की कंटाळ्याचा, हे दहा मिनिटे बसले की कळते.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांनी हीच गोष्ट राज्याला दाखवून दिली होती : मुले गटांत बसतात, जमिनीवर आणि भिंतीवर शिकण्याचे साहित्य असते, आणि शिक्षक गटागटांतून फिरतो. ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तिथे जात. त्याची नक्कल म्हणून अनेक शाळांच्या फरशा रंगल्या. फरशी रंगलेली आहे आणि तिच्यावर कोणी बसत नाही, असे दिसले तर तिचे कौतुक करू नये.

यानंतर दुसरीच्या एखाद्या मुलाला, शिक्षकांची परवानगी घेऊन, वाचनकोपऱ्यातले त्याने न वाचलेले पुस्तक वाचायला सांगावे. पाठ्यपुस्तकातला धडा मुले पाठही म्हणतात. नवीन पान अडखळत का होईना वाचून त्यात काय झाले ते मूल सांगू शकत असेल, तर पहिलीचे वर्ष त्या शाळेत नीट गेलेले आहे. दोन-तीन वह्या उघडून पाहाव्यात. सगळ्या मुलांची उत्तरे शब्दशः सारखी असतील तर ती फळ्यावरून आलेली आहेत. पुस्तके कपाटात कुलूपबंद आहेत की हाताळून मऊ झाली आहेत, हेही पाहावे.

आता इमारतीकडे. स्वच्छतागृह मुलामुलींसाठी वेगळे आहे का, एवढे विचारून थांबू नये. ते उघडे आहे का, आत पाणी आहे का आणि लहान मुलाला कडी लावता येते का, हे स्वतः जाऊन पाहावे. पाण्याच्या टाकीला झाकण आणि पाणी काढायला ओगराळे आहे का, ते बघावे. छत गळते का, हे फेब्रुवारीत दिसत नाही, पण भिंतीवरचे ओघळ ते सांगतात. मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या वेळी जवळच उभे राहावे. प्राथमिकच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य आणि एकूण ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने, असे या आहाराचे प्रमाण ठरलेले आहे. पालकाने वजनकाटा न्यायची गरज नाही. वरणात डाळ दिसते का, आणि वाढण्याआधी मोठ्यांपैकी कोणी चव घेतो का, इतके पुरे. कोणते मूल कोणाशेजारी जेवायला बसते हेही तिथेच दिसते, आणि गावाच्या दृष्टीने ती बारीक गोष्ट नाही.

शेवटी घरापासून शाळेपर्यंतची वाट मुलाच्या चालीने एकदा चालावी आणि ती जुलैतल्या पावसात कशी असेल याचा विचार करावा. पहिली ते पाचवीसाठी वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असा राज्याचा नियम आहे. पण मध्ये ओढा असेल तर एक किलोमीटरही लांब पडतो. कोकणात ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पायपूल, आहे की नाही, यावर पावसाळ्यातली हजेरी ठरते. जवळ शाळाच नसलेल्या वस्त्यांतील मुलांसाठी वाहतूक भत्त्याची तरतूद आहे; त्यासाठी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारावे.

तिसरी पायरी : मुख्याध्यापकांना विचारायचे प्रश्न

पटावर किती मुले आहेत आणि येत्या वर्षी पहिलीत किती येणार, हा पहिला प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. मात्र अगदी कमी पटाच्या शाळांबाबत शासनाचे निर्णय अलीकडच्या वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून कागदावरची पदे विचारण्याऐवजी आज प्रत्यक्ष किती शिक्षक येतात, हे विचारावे. एक शिक्षक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामाला किंवा रजेवर गेला की त्या दिवशी काय होते, हाही प्रश्न संकोच न करता विचारावा. चांगला शिक्षक या प्रश्नाने दुखावत नाही. उलट ही अडचण कोणी समजून घेतली याचे त्याला बरे वाटते.

शिक्षकांच्या बदल्या होतात, हेही लक्षात घ्यावे. एका उत्तम शिक्षकाच्या भरवशावर शाळा निवडली आणि मे महिन्यात त्यांची बदली झाली, असे नेहमी घडते. म्हणून शिक्षक या शाळेत किती वर्षे आहेत, हे विचारावे आणि शाळा व्यवस्थापन समिती जिवंत आहे का, हेही पाहावे, कारण शिक्षक बदलला तरी समिती गावातच राहते. या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. समितीची मागची बैठक कधी झाली आणि तीत काय ठरले, हे दोन-तीन पालकांना स्वतंत्रपणे विचारले की शाळेची खरी तब्येत कळते.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांबाबत पालकांच्या मनात आणखी एक धास्ती असते. राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक असल्याचे शासनाच्याच आकडेवारीतून पुढे आले होते, आणि २०२३ मध्ये त्यांतील मुलांना एकत्र आणून समूहशाळा करण्याचा विचार मांडला गेला. त्याला गावोगावी विरोधही झाला. आपली शाळा उद्या बंद होईल का, याचे खात्रीचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही, पण आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांना विचारल्यास परिसरातील स्थिती कळते. पुढच्या तीन वर्षांत गावात किती मुले पहिलीला येणार, हे अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत आधीच लिहिलेले असते. मुख्याध्यापकांच्या अंदाजापेक्षा मी त्या वहीवर अधिक विश्वास ठेवीन.

पट किती लहान चालेल? माझ्या मते शाळेत एकूण पंधरा-वीस मुले असतील तर काळजीचे कारण नाही. पहिलीत मूल एकटेच असले तरी जोडवर्गात ते दुसरीच्या मुलांसोबत शिकते आणि बहुधा लवकर शिकते. पण सगळी मिळून पाच-सहाच मुले असतील आणि आपल्या मुलाच्या वयाचे चौथीपर्यंत कोणीच नसेल, तर खेळ, भांडण आणि दोस्ती या तिन्ही गोष्टी त्याला कमी पडतील. शेजारच्या वाडीची शाळा चालत जाण्याजोगी असल्यास तीही पाहून घ्यावी.

तालुक्याच्या गावी जाणारी इंग्रजी माध्यमाची पिवळी बस दारात येते, तेव्हा निर्णय डळमळतो. त्या शाळेलाही याच कसोट्या लावाव्यात. तिथल्या वर्गात बसू दिले जाते का, मुलांना न वाचलेले पान वाचता येते का, आणि सहा वर्षांच्या मुलाचे रोज किती तास प्रवासात जातात, याची उत्तरे मागावीत. घरात जी भाषा बोलली जाते तिच्यात मूल आधी वाचायला शिकले की दुसरी भाषा शिकणे सोपे जाते, असे माझे मत आहे, आणि घरात इंग्रजी बोलणारे कोणी नसताना ते मला अधिकच खरे वाटते. काही जिल्हा परिषद शाळांत गणित सेमी-इंग्रजीतून शिकवतात. ती सोय हवी असल्यास कोणत्या इयत्तेपासून आहे, ते विचारून घ्यावे.

आणखी एक प्रश्न पालक चौथी संपेपर्यंत विचारत नाहीत : पुढे काय? ही शाळा चौथीपर्यंत आहे की पाचवीपर्यंत, त्यानंतरची शाळा किती लांब आहे आणि एसटीची वेळ जुळते का, हे आत्ताच समजून घ्यावे. ग्रामीण भागातील पाचवीपासून पुढच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा प्रवास मोफत आहे, पण पास असून गाडीच नसेल तर उपयोग नाही.

चौथी पायरी : कागदपत्रे आणि जनरल रजिस्टर

जन्मदाखला, मुलाचे आणि पालकांचे आधार, छायाचित्रे, आणि असल्यास वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जातीचे प्रमाणपत्र, एवढे सहसा लागते. जन्मदाखला नसेल तरी प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याची किंवा परिचारिकेची नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकाचे लेखी निवेदन वयाचा पुरावा म्हणून चालते. मुलाची किंवा पालकांची मुलाखत-परीक्षा घेणे आणि देणगी मागणे कायद्याने बंद आहे, आणि हे खासगी शाळांनाही लागू आहे.

खरी काळजी पुढे आहे. प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये जे लिहिले जाते, तेच पुढे दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि जातीच्या दाखल्याच्या पुराव्यात येते. म्हणून नोंद शिक्षकांवर सोपवून निघून येऊ नये. मुलाचे नाव, आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि जात-पोटजात या नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी वाचाव्यात, इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्याशी आणि आधारशी ताडून पाहावे. घरात लाडाने हाक मारायचे नाव रजिस्टरला लागले, किंवा काना-मात्रा चुकली, तर नंतर दुरुस्तीसाठी प्रस्ताव करून शिक्षण विभागाची मंजुरी मिळवावी लागते, आणि दहावीनंतर तर ते फारच अवघड होते. आधारमध्ये चूक असेल तर ती जूनआधी दुरुस्त करावी, कारण ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदे ठरतात आणि त्यासाठी मुलांच्या आधार नोंदी जुळाव्या लागतात. लहान शाळेत दोन मुलांची नोंद अडली तरी त्याचा परिणाम शिक्षकाच्या पदावर होऊ शकतो.

पाचवी पायरी : घरची तयारी

आता मुलाकडे येऊ. पहिलीत येण्याआधी वाचता-लिहिता आलेच पाहिजे, अशी अपेक्षा शाळा ठेवत नाही. तीन वर्षांच्या मुलाकडून मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या खासगी शिशुवर्गांमुळे पालकांची समजूत उलटी झाली आहे. जोडवर्गात मुलाला कामी येते ते वेगळेच : सांगितलेले एकदा ऐकून लक्षात ठेवणे, हातातले काम कोणी न सांगता पुरे करणे, अडले तर तोंड उघडून विचारणे, आणि आपल्या शरीराची व वस्तूंची काळजी स्वतः घेणे.

म्हणून मार्चपासून घरी याच गोष्टींना वेळ द्यावा. चड्डीची गुंडी किंवा नाडी स्वतः सोडणे-बांधणे, शी-शूला जाऊन स्वतः धुणे, साबणाने हात धुणे, ताटातले स्वतः जेवून ताट उचलून ठेवणे, चपला जोडीने लावणे, दप्तराची चेन लावणे, या गोष्टी आई घाईत करून टाकते. चार महिने ती घाई बाजूला ठेवावी लागेल. गणवेशाची चड्डी मूल स्वतः काढू शकते का, हे शाळा सुरू होण्याआधी घालून पाहावे. पहिल्या आठवड्यातले बरेच रडणे त्या एका गुंडीपाशी सुरू होते.

हातात बळ येण्यासाठी वही लागत नाही. मटार सोलणे, शेंगा फोडणे, कणकेचा गोळा मळणे, ओल्या मातीचे बैल करणे, रांगोळीचे ठिपके देणे, पाटीवर खडूने मोठ्या रेघा ओढणे, यांतून बोटे तयार होतात. मोजणे हे भाकरी वाढताना, अंडी गोळा करताना, जिन्याच्या पायऱ्या चढताना करावे, आणि शंभरपर्यंत पाठ म्हणण्यापेक्षा दहा वस्तू एकेक हात लावून बरोबर मोजता येण्याला महत्त्व द्यावे. मिसळलेली मटकी आणि मूग वेगळे करायला दिले तर वर्गीकरणही होते आणि स्वयंपाकघरातले एक कामही उरकते. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक यांनी आणि पुढे त्यांच्यासोबत कोसबाडला अनुताई वाघ यांनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले, त्यात परिसरात सापडणाऱ्या वस्तू हेच शिकण्याचे साहित्य होते. बाजारातून महागडे संच आणण्याची गरज आजही नाही.

सर्वांत जास्त वेळ बोलण्याला द्यावा. रोज रात्री एक गोष्ट सांगावी आणि दुसऱ्या दिवशी ती मुलाकडून ऐकावी. कोडी, बडबडगीते, आजीची जुनी गाणी, सगळे चालते. आठवडी बाजारात फलक दाखवावेत, एसटीची पाटी वाचून दाखवावी, मुलाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या पेटीवर चिकटवावे. घरी अहिराणी, पावरी, कोरकू, वारली, गोरमाटी किंवा अन्य बोली बोलत असाल तर ती शाळेसाठी बंद करू नये. त्याऐवजी पाणी, लघवी, पोटदुखी, भूक आणि भीती यांसाठी मूल घरी कोणते शब्द वापरते, ते कागदावर लिहून शिक्षकांना द्यावे. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला ही छोटी यादी पहिल्याच दिवशी उपयोगी पडते.

आरोग्याची तपासणीही याच काळात करून घ्यावी. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानचा त्रिगुणी लसीचा बूस्टर राहिला असेल तर तो द्यावा. मूल टीव्हीजवळ जाऊन बसते का, हाक मारल्यावर एकाच बाजूने वळते का, कान वाहतो का, हे पाहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत आणि शाळांत येते; त्या दिवशी मूल हजर राहील असे बघावे. मुलाला काही अपंगत्व असेल तर प्रवेशाच्या वेळी ते लपवू नये. तालुक्याला समावेशित शिक्षणाचे विशेषतज्ज्ञ असतात आणि त्यांची मदत लवकर मागितली तर लवकर मिळते.

एक गोष्ट घरातल्या सर्वांनी, विशेषतः आजी-आजोबांनी, आवर्जून टाळावी. ‘थांब, शाळेत घातलं की गुरुजी बघतील तुझ्याकडे’ हे वाक्य मूल विसरत नाही. शाळेत मारणे आणि मानसिक त्रास देणे कायद्याने बंद असताना घरानेच तिथल्या माराची धास्ती घालण्याचे काही कारण नाही. त्याऐवजी मे महिन्यात संध्याकाळी मुलाला शाळेच्या पटांगणात खेळायला न्यावे, नळ आणि स्वच्छतागृह दाखवावे, आणि रोज सोबत जाईल असे वाडीतले मोठे मूल आधीच ठरवून ठेवावे.

सहावी पायरी : पहिले पंधरा दिवस

प्रवेशोत्सवाच्या दिवशी फुले, फुगे आणि नवी पुस्तके असतात. रडू बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. शाळेच्या दारातच निरोप घ्यावा, कधी न्यायला येणार हे मुलाला कळेल अशा खुणेने सांगावे, आणि मग खिडकीशी रेंगाळू नये. न सांगता पळून जाणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण दुसऱ्या दिवशी मूल हातच सोडत नाही. संध्याकाळी ‘काय शिकवलं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर येते. ‘आज कोणाशेजारी बसलास?’, ‘खिचडी कोणी वाढली?’ असे विचारले की दिवस उलगडतो.

पहिल्या तिमाहीत हजेरीला अभ्यासापेक्षा अधिक जपावे. लावणी, लग्ने, यात्रा आणि मामाचे गाव यांत पहिलीची मुले आठवडा-आठवडा गैरहजर राहतात आणि जोडवर्गातली त्यांची गटातली जागा सुटते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करावे लागणाऱ्या कुटुंबांनी निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. त्यावर जिथे जाल तिथल्या शाळेत मुलाला बसता येते. मूल गावीच राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, ते मुख्याध्यापकांना ऑक्टोबरआधी विचारावे.

दिवाळीपर्यंत सगळे करून पाहिले आणि तरीही शाळा योग्य वाटत नसेल, तर आधी वर्गशिक्षकांशी, मग समितीत आणि मग केंद्रप्रमुखांशी बोलावे. त्यानेही भागले नाही तर मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत हलवण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. मुख्याध्यापकांनी दाखला तातडीने द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. दाखला हातात आल्यावर त्यावरची जन्मतारीख आणि नाव तिथेच उभे राहून पुन्हा एकदा वाचावे.